मुलांचा ताबा एकटीने मागताना या चुका टाळा

ठाण्याच्या कोर्टात येणाऱ्या आयांचे अर्ज मी गेली सात वर्षं वाचून देतेय. एक शब्द हमखास सापडतो: ‘कधीच’. वडील कधीच येत नाहीत, कधीच फोन करत नाहीत.

हाच शब्द माझ्याही शपथपत्रात होता. नवरा महिनोन्‌महिने गायब असायचा. वकिलांनी विचारलं, ‘मुलीला भेटतात का?’ मी रागात म्हटलं, ‘कधीच नाही.’ उलटतपासणीत समोरून फोटो आला: तलावपाळीला बोटीत बसलेले बाप-लेक, खाली तारीख. त्या वर्षातला तो एकच रविवार. पण पुढचा अर्धा तास मी खोटारडी नाही एवढंच सांगत राहिले, उरलेल्या अकरा महिन्यांचा विषयच निघाला नाही.

म्हणून आता प्रत्येकीला सांगते, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लिहा. येतो म्हणून आले नाहीत, तर त्या तारखेच्या चौकटीत तसं. आले, तर किती वाजता आले, कधी गेले, तेही. आलेले दिवस प्रामाणिकपणे लिहिले की न आलेल्या दिवसांवर विश्वास बसतो. जोडीला शाळेचे, दवाखान्याचे कागद, ज्यांवर सही कुणाची ते दिसतं. व्हॉट्सॅपच्या छापील प्रतींना भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं, म्हणजे प्रत कोणत्या फोनमधून कशी काढली ते सांगणारं, प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ मेसेज पुसू नका. ‘ताई, एवढं कोण लिहीत बसणार?’ असं विचारणाऱ्या दर महिन्याला भेटतात. ज्यांना दोन महिने वही धरवत नाही, त्यांनी ताबा मागायची घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हिंदू कायद्यात मुलाचे नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई, असा क्रम आहे. 1999 मध्ये गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या ‘नंतर’चा अर्थ केवळ मृत्यूनंतर असा नाही, वडिलांच्या अनुपस्थितीतही, असा लावला. म्हणून अनुपस्थिती नीट दाखवावी लागते. नेरूळची एक बाई नवरा सहा महिने जहाजावर असतो एवढ्याच मुद्द्यावर आली होती. नोकरी हा दोष नाही. तिथून तो मुलाची चौकशी करतो का, पैसे पाठवतो का, ते लिहा.

दुसरी चूक मला जास्त छळते: चिडून बापाचा नंबर ब्लॉक करणं. मग गैरहजेरी त्याची की तुम्ही घडवलेली, हे कुणी ठरवायचं? यशिता साहू खटल्यात (2020) सर्वोच्च न्यायालयाने मुलाला दोन्ही पालकांच्या प्रेमाचा हक्क आहे म्हटलं, व्हिडिओ कॉलचाही उल्लेख केला. आठवड्याची एक वेळ ठरवून कळवा. त्याने उचलला नाही, तर कालनिर्णय आहेच.

बाकीचं थोडक्यात. मूल नेहमी राहतं तिथल्याच कोर्टात अर्ज चालतो. ऐरोलीचं मूल आठ दिवस साताऱ्याला नेऊन तिथे अर्ज करू नका. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नवऱ्याची सही घेतली म्हणजे ताबा मिळाला असं होत नाही, कोर्ट मुलाचं हित स्वतः तपासतं. मुलाला उत्तरं पढवू नका, न्यायाधीशांना लगेच कळतं. निकालाला वेळ लागतो, म्हणून अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतच्या ताब्याचा अर्ज सोबतच द्या. आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका: 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज करा.