व्हीकेएच झालाय? आधी फाईल बनवा, मग आपल्यासारखी माणसं शोधा

मला व्हीकेएच आहे. पूर्ण नाव व्होग्ट-कोयानागी-हरादा, गावात सांगायला गेलं तर लोक म्हणतात "काय भो, जपानी ताप का?" यात आपलीच प्रतिकारशक्ती रंग बनवणाऱ्या पेशींवर उलटते, मग दोन्ही डोळ्यांत आतून सूज, डोकं ठणकतं, कानात शिट्टी वाजते, आणि पुढे काहींच्या पापण्या पांढऱ्या होतात, अंगावर डाग येतात. कोड म्हणून लोक लांब बसतात, पण हात लावून हे कुणाला होत नाही.

मला सुरुवातीला "डोळे आलेत" म्हणून ड्रॉप्स दिले, त्यात आठ दिवस गेले. म्हणून डोळे लाल आणि सोबत दिसणं पुसट झालं, उजेड सहन होईना, तर सरळ रेटिना म्हणजे डोळ्याचा पडदा, नाहीतर युव्हायटिस म्हणजे डोळ्याच्या आतली सूज बघणाऱ्या डॉक्टरकडे जा, चष्म्याच्या दुकानात नको.

पहिलं काम फाईल. ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन), डोळ्याची अँजिओग्राफी (पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो), रक्ताचे रिपोर्ट सगळं तारखेने लावा आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, स्टिरॉइड चालू आहे, अचानक बंद करू नये. साध्या तापाला गावातल्या डॉक्टरकडे गेलात तरी ते पान आधी दाखवा, त्यांनी हा आजार बघितलेला असेलच असं नाही.

सूज उतरवायला स्टिरॉइड देतात, त्याने तोंड फुगतं, शुगर वाढते, भूक तर अशी की शेवभाजीचं पातेलं संपवलं तरी पोट रिकामंच. हे महिनोनमहिने हळूहळू कमी करतात. मी केळी कापणीच्या गडबडीत, बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने सोडलं आणि पंधरा दिवसांत परत धूर दिसायला लागला. प्रतिकारशक्ती दाबायला मेथोट्रेक्सेटची गोळी दिली असेल तर ते आठवड्यातून एकदाच असतं, रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, माझ्या पाकिटावर बायकोने पेनने "सोमवार" लिहून ठेवलंय.

रोज सकाळी एक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटी बघायच्या, मग दुसरा. रेघ वाकडी किंवा मधेच पुसलेली दिसली तर त्याच दिवशी फोन. तपासणीला बाहुली मोठी करायचं औषध टाकतात, त्यानंतर मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हात बाईकवर यायचं नाही, सोबत कुणीतरी न्या.

आता माणसं. मराठीत शोधलं तर डोळ्यात तूप घाला असले व्हिडिओ निघतात, आजाराचं इंग्रजी नाव टाकूनच शोधा. दुर्मिळ आजारांसाठी बंगळुरूची ओआरडीआय ही संस्था आहे. पण मला खरी माणसं ओपीडीच्या बाकावर भेटली, डोळ्यात औषध टाकून दोन तास बसावंच लागतं, तेव्हा शेजारच्याला विचारायचं "तुमचं काय?" डॉक्टरांनाही सांगून ठेवा, असा दुसरा पेशंट आला आणि त्याची हरकत नसली तर माझा नंबर द्या. एकच नियम पाळा, दुसऱ्याचा डोस आपण घ्यायचा नाही.

पाचोऱ्याच्या एक ताई अशाच भेटल्या. दर सोमवारी रात्री त्यांचा फोन येतो, "दादा, गोळी घेतली का?" आणि मी त्यांना विचारतो, चौकटी सरळ आहेत ना.