ट्यूब अ‍ॅम्प घेताना या चुका टाळा: रॉक, ब्लूज आणि कंट्री वाजवणाऱ्यांसाठी

दुकानात अ‍ॅम्पसमोर उभा राहिलेला गिटारवादक बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतो तो वॉटचा, आणि उत्तर ऐकून आवाजाचा अंदाज बांधून मोकळा होतो. माझ्या मते निवड चुकते ती इथेच. पुढच्या बऱ्याच अडचणी याच एका समजुतीतून येतात.

वॉट दुप्पट झाले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. फेंडरचा डिलक्स रिव्हर्ब २२ वॉटचा आणि ट्विन रिव्हर्ब ८५ वॉटचा. आकडे ऐकले तर ट्विन चौपट मोठा असेल असं वाटतं, पण दोघांत ६ डेसिबलचाही फरक नाही. तरीही स्टेजवर हे दोन अगदी वेगळे अ‍ॅम्प आहेत, कारण फरक पडतो तो आवाज कुठे फाटायला, म्हणजे खरखरीत व्हायला, लागतो यात. ड्रमर जोरात असेल तर डिलक्सचा व्हॉल्यूम चार-पाचवर नेताच त्याच्या दोन ६व्ही६ ट्यूब्जचा (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्यांचा) आवाज दाणेदार होऊ लागतो. त्याच पातळीवर ट्विनच्या चार ६एल६ ट्यूब्ज निवांत, काचेसारखं स्वच्छ वाजत असतात.

म्हणून प्रश्न असा विचारावा: माझ्या बँडचा जो आवाज असतो, त्या आवाजात हा अ‍ॅम्प स्वच्छ राहतो की फाटायला लागतो? आणि मला त्यातलं काय हवं आहे?

चूक: तिन्ही शैलींना एकच मोजमाप लावणं

कंट्रीला स्वच्छ आवाजाची ऐसपैस जागा लागते, ज्याला वादक हेडरूम म्हणतात. टेलिकास्टरचा ब्रिज पिकअप, तारा बोटांनी उचलून तुटक वाजवण्याच्या, म्हणजे चिकन पिकिंगच्या, ठिणग्या, पेडल स्टील गिटारसारखे दोन तारांचे बेंड, हे सगळं सुरांच्या कडा शाबूत असतील तरच ऐकू येतं. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डमध्ये बक ओवेन्स आणि डॉन रिच यांनी जो टोकदार, झळाळता आवाज घडवला, त्याच्या मुळाशी टेलिकास्टर आणि फेंडरचे न फाटणारे अ‍ॅम्प होते. इथे १५ वॉटचा छोटा अ‍ॅम्प घेतला तर ड्रम्स सुरू होताच तो चेपला जातो आणि दोन तारांचे सूर एकमेकांत मिसळतात. माइक न लावता वाजवायचं असेल तर ६एल६वर चालणारा ४० वॉट किंवा त्याहून मोठा अ‍ॅम्प बघा.

ब्लूजचं गणित उलटं आहे. तिथे अ‍ॅम्प फाटण्याच्या उंबरठ्यावर हवा. हळू वाजवलं तर स्वच्छ, तार जोरात ओढली की खरखरीत, आणि गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की पुन्हा स्वच्छ. ब्लूजचे गिटारवादक बडी गाय यांचं नाव फेंडरच्या १९५९ च्या बासमन अ‍ॅम्पशी जोडलं जातं ते या हाताच्या भाषेमुळेच. हा उंबरठा तुमच्या गिगच्या पातळीवर यायला हवा, म्हणून छोट्या क्लबसाठी १५ ते २२ वॉट पुरतात. ८५ वॉटच्या अ‍ॅम्पवर तो इतक्या वर असतो की तिथवर पोहोचेपर्यंत हॉलवाला येऊन आवाज कमी करायला सांगतो. डिलक्समध्ये रेक्टिफायरसुद्धा (एसी विजेची डीसी करणारा भाग) ट्यूबचा, जीझेड३४ आहे. जोरात वाजवल्यावर वीज क्षणभर खाली बसते, सूर दबून पुन्हा फुलतो. ब्लूज वाजवणाऱ्याच्या बोटांना ही जाणीव लगेच होते आणि आवडते. कंट्रीच्या वेगवान लिक्सना तीच आडवी येते.

रॉकमध्ये मार्शलचा वंश आठवावा लागतो. १९६२ च्या सुमारास लंडनच्या हॅनवेलमधल्या जिम मार्शल यांच्या दुकानात जेटीएम४५ तयार झाला, तो याच फेंडर बासमनच्या सर्किटवरून. ट्यूब्ज आणि ट्रान्सफॉर्मर वेगळे, स्पीकर सेलेस्चनचे, कॅबिनेट मागून बंद, आणि आवाज पार बदलला. पुढे मोठ्या सभागृहांसाठी १०० वॉटचे सुपर लीड आले, कारण तेव्हा पीए, म्हणजे हॉलची ध्वनिवर्धक, यंत्रणा दुबळी होती आणि गिटारला स्वतःच्याच बळावर हॉल भरायचा होता. आज तुमच्यासमोर माइक आहे. मास्टर व्हॉल्यूम (फाटलेला आवाज तसाच ठेवून एकूण जोर कमी करणारा नॉब) नसलेला १०० वॉटचा हेड (स्पीकर वेगळा असलेला अ‍ॅम्प) छोट्या पबमध्ये नेलात, तर ज्या आवाजासाठी तो घेतला तो आवाज तिथे कधीच काढता येणार नाही. २० वॉटचा, मास्टर व्हॉल्यूमवाला अ‍ॅम्प तिथे कितीतरी जास्त रॉक वाटेल.

एकाच रात्री तिन्ही वाजवायचं असेल तर माझा कौल २० ते ४० वॉटच्या, चांगला क्लीन चॅनल असलेल्या अ‍ॅम्पला. फाटलेला आवाज पेडलवर मिळतो. अ‍ॅम्पमध्येच नसलेला स्वच्छ आवाज मात्र कुठलंही पेडल देत नाही. व्हॉक्सचा एसी३० इथे लोकांना मधला मार्ग वाटतो आणि तो बराचसा आहेही, फक्त तो ३० किलोच्या आसपास भरतो. ट्विनही २९ किलोचा. जिन्यावरून एकट्याने चढवता येणार नसेल तर हा विचार खरेदीच्या आधी करा. डिलक्स १९ किलोंचा आहे, आणि रिक्षात मावतो.

चूक: स्पीकरकडे न बघणं

स्पीकरच्या माहितीपत्रकावर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॉटवर तो किती जोरात वाजतो, हे लिहिलेलं असतं. ९७ डेसिबलच्या जागी १०० डेसिबलचा स्पीकर लावणं म्हणजे अ‍ॅम्पचे वॉट दुप्पट करण्यासारखंच. सेलेस्चनचा ग्रीनबॅक ९८चा, व्हिंटेज ३० हा १००चा. छोटा अ‍ॅम्प बँडमध्ये कमी पडतो म्हणून विकायला काढण्याआधी स्पीकर बदलून पाहा.

चूक: घरच्या आवाजात पसंती करणं

हळू आवाजात कानाला बास आणि ट्रेबल कमी ऐकू येतात. त्यामुळे दुकानात किंवा खोलीत आपण ते वाढवतो, मिड कमी करतो, आणि आवाज भरदार वाटतो. बँडमध्ये खालची जागा बास गिटार घेते, वरची जागा झांजा घेतात. गिटारला उरतो तो मिड, आणि तोच आपण कापलेला असतो. मग गिटार हरवते, वादक व्हॉल्यूम वाढवतो, गायिका वैतागते. अ‍ॅम्पचा यात काही दोष नाही. ट्रायलला स्वतःची गिटार न्या (हंबकरवर, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपवर, अ‍ॅम्प सिंगल कॉइलपेक्षा लवकर फाटतो), जमलं तर ड्रमरलाही न्या, आणि मिड नको वाटेल इतका वाढवून ऐका.

आणखी एक गोष्ट. १२ इंची स्पीकरचा ट्रेबल झोतासारखा सरळ समोर जातो. अ‍ॅम्प जमिनीवर आणि तुम्ही दोन फुटांवर उभे असाल तर तो झोत तुमच्या पोटऱ्यांवर पडतो. तुम्हाला आवाज मंद वाटतो, तुम्ही ट्रेबल वाढवता, आणि समोरच्या टेबलवरच्या माणसाच्या कानात सुई टोचते. अ‍ॅम्प तिरका ठेवा किंवा खुर्चीवर चढवा, आणि मग नॉबला हात लावा.

चूक: अमेरिकेतून आणलेला अ‍ॅम्प थेट सॉकेटला लावणं

आपल्याकडे हे वारंवार घडतं. नातेवाईक अमेरिकेतून येताना अ‍ॅम्प आणतो किंवा जुना अ‍ॅम्प ऑनलाइन मिळतो. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. मागच्या पट्टीवर १२० लिहिलेला अ‍ॅम्प आपल्या सॉकेटला लावला तर नशीब चांगलं असल्यास फ्यूज जातो, नसल्यास ट्रान्सफॉर्मर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण तो तारांच्या वेटोळ्यांचा खरा, जड ट्रान्सफॉर्मर हवा. प्रवासात हेअर ड्रायरसाठी वापरतात तो हलका कन्व्हर्टर चालत नाही. क्षमता अ‍ॅम्पच्या गरजेपेक्षा बरीच जास्त घ्या. ट्विनसारख्या अ‍ॅम्पला ५०० व्हीए तरी हवेत. अर्थिंगची पिन आरपार जोडलेली आहे ना, हे मल्टिमीटरने तपासून घ्या. अ‍ॅम्पचा मूळ ट्रान्सफॉर्मर फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला असेल तर तो ५० हर्ट्झवर जास्त तापतो, हेही ध्यानात ठेवा.

अर्थिंगबद्दल मी हट्टी आहे. लॉनवरचा कार्यक्रम, कॉलेजचा फेस्टिव्हल, जनरेटरची वीज, अशा ठिकाणी वाजवण्याआधी मल्टिमीटर एसीवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला आणि दुसरं माइकच्या जाळीला लावा. काही व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला तर साउंडवाल्याला बोलवा, तोवर गाऊ नका. हम, म्हणजे विजेची घूं अशी गुणगुण, घालवण्यासाठी अर्थची पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकूच नका. त्या पिनवर तुमचा जीव आहे.

चूक: स्पीकरविना चालवणं

ट्यूब अ‍ॅम्पच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला समोर भार हवाच असतो. स्पीकर न जोडता गिटार वाजवली तर आत व्होल्टेज प्रचंड उसळतं, ट्यूबच्या सॉकेटवर किंवा ट्रान्सफॉर्मरमध्ये ठिणगी पडते, आणि खर्च अ‍ॅम्पच्या किमतीच्या चांगल्या हिश्शात जातो. हेड आणि कॅबिनेट वेगळं असेल तर ओहम जुळवा: ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात. जोडायला स्पीकर केबलच वापरा. गिटारची लीड दिसायला तशीच असते, पण तिच्या आतली तार बारीक असते आणि ती तापते. जुन्या घडणीच्या फेंडरमध्ये मुख्य स्पीकर जॅक रिकामा ठेवून फक्त एक्स्टेन्शन जॅकमध्ये कॅबिनेट लावलं तर आउटपुट शॉर्ट होतं आणि आवाज जवळजवळ येतच नाही. तिथे आधी मुख्य जॅक भरा.

गिगच्या संध्याकाळी काही बिघडलं तर

आधी सगळी पेडल्स काढा, गिटार एकाच चांगल्या लीडने जोडून अ‍ॅम्पमध्ये थेट वाजवा. अ‍ॅम्प बिघडला असं वाटणाऱ्या कितीतरी तक्रारी इथेच संपतात. दोष लीडचा किंवा पेडलच्या अ‍ॅडॉप्टरचा निघतो.

आवाज अचानक क्षीण झाला, येतो-जातो, आणि अ‍ॅम्पला इफेक्ट्स लूप (बाहेरची पेडल्स जोडायचे सेंड आणि रिटर्न जॅक) असेल तर सेंडमधून रिटर्नमध्ये छोटी केबल जोडून पाहा. आवाज परत आला तर रिटर्न जॅकचा संपर्क गंजला आहे. आपल्या किनारी पावसाळ्यात हे फार होतं. कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ होतो, आणि त्या रात्रीपुरती ती केबल तशीच ठेवून वाजवता येतं.

शीळ किंवा काचेसारखी किणकिण येत असेल तर प्रीअँपच्या १२एएक्स७ ट्यूब्जवर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच टकटक करा. जी स्पीकरमधून ठणठणते ती बदला. या ट्यूब्ज बदलताना बायस (ट्यूबमधून किती वीज वाहावी याची जुळवणी) करावा लागत नाही, त्यामुळे बॅगेत एक जास्तीची असलीच पाहिजे. रिव्हर्ब वाढवला की घूं असा आवाज वाढत जात असेल तर अ‍ॅम्प पोकळ लाकडी स्टेजवर आहे का बघा. खाली फोमचा तुकडा टाका, स्प्रिंग शांत होतात.

पॉवर ट्यूबच्या आतला धातूचा पत्रा लालभडक दिसला तर गाणं अर्ध्यात असलं तरी अ‍ॅम्प ताबडतोब बंद करा. बायस बिघडला आहे किंवा ट्यूब गेली आहे. ६एल६ किंवा ईएल३४ बदलल्यावर फिक्स्ड बायसच्या अ‍ॅम्पमध्ये बायस तपासून घ्यावाच लागतो. एसी३०सारख्या कॅथोड बायसच्या अ‍ॅम्पला तशी जुळवणी लागत नाही, पण जोड्या जुळलेल्या हव्यात. फ्यूज गेला तर तेवढ्याच अँपिअरचा आणि त्याच प्रकारचा लावा. पुन्हा गेला तर अ‍ॅम्प कारागिराकडे न्या. मोठा फ्यूज घालून गिग मारून नेण्याच्या नादात ट्रान्सफॉर्मर जळतात.

चॅसी, म्हणजे सर्किट बसवलेली धातूची पेटी, मात्र स्वतः उघडू नका. आत ४०० व्होल्टच्या वर वीज असते आणि प्लग काढल्यावरही ती कपॅसिटरमध्ये टिकून राहते. जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणारा जाणता कारागीर तुमच्या शहरात अजून असेल तर त्याला शोधून ठेवा. ईएल८४ त्याने रेडिओतही हाताळलेली असते. अ‍ॅम्प विकत घेण्याआधीच त्याला मॉडेल सांगा आणि दुरुस्ती करशील का, पार्ट मिळतील का, हे विचारा.