गोल्फच्या मैदानावर पावलांनी अंतर कसे मोजावे

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक गोल्फपटू अंतर नजरेने किंवा कॅडीच्या (खेळाडूची बॅग वाहणाऱ्या मदतनिसाच्या) अंदाजाने ठरवीत. 1961 साली पेबल बीच येथील अमेरिकन हौशी स्पर्धेच्या सरावात गोल्फपटू डीन बीमन यांनी आपले सहखेळाडू जॅक निकलस यांना पावलांनी अंतर मोजून वहीत टिपण्याचा सल्ला दिला. निकलस ती स्पर्धा जिंकले आणि पुढे ही पद्धत रूढ झाली.

ती शिकण्यासाठी प्रथम टेपने 50 यार्ड, म्हणजे 45.72 मीटर, आखून घ्यावेत आणि नेहमीच्या चालीने किती पावले पडतात ते मोजावे. मुद्दाम ढांगा टाकू नयेत. चौथ्या होलपर्यंत (मैदानाच्या चौथ्या टप्प्यापर्यंत) पाय थकले की त्या आखूड होतात. मैदानावरील खुणा यार्डांत आहेत की मीटरमध्ये आणि त्या ग्रीनच्या (खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) मध्यापासून मोजल्या आहेत की पुढच्या कडेपासून, हे आधी विचारून घ्यावे, कारण 150 मीटर म्हणजे सुमारे 164 यार्ड होतात.

समजा, मध्यापर्यंत 150 यार्ड दाखवणाऱ्या स्प्रिंकलरच्या (जमिनीतील पाण्याच्या फवाऱ्याच्या) झाकणामागे, ग्रीनपासून दूरच्या बाजूला, चेंडू 8 यार्डांवर आहे. ग्रीन 30 यार्ड खोल असून खड्ड्यातला झेंडा पुढच्या कडेपासून 10 यार्डांवर, म्हणजे मध्याच्या 5 यार्ड अलीकडे आहे. तेव्हा 158 मधून 5 वजा करून 153 यार्डांचा फटका निवडावा.

2019 पासून नियमांनुसार अंतरमापक यंत्र सर्वसाधारणपणे वापरता येते, मात्र चढउताराचे मापन बंद ठेवावे लागते.