खंबाटकीत मागून अप्पर मारणारा भेटला तर

पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटात हमखास एखादा डिक्कीला चिकटतो. अप्पर-डिपर, हॉर्न, सगळं सुरू. अशा वेळी डावा इंडिकेटर द्यायचा, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू उचलायचा आणि त्याला जाऊ द्यायचं. आरशातून खुन्नस नको, हातवारे तर नकोतच. (बहुतेकदा पुढच्याच वळणावर तो ट्रकमागे अडकलेला दिसतो.)

गाडी आडवी घातलीच, तर काचा वर, दारं लॉक, खाली उतरायचं नाही. पाठलाग करत असेल तर थेट गर्दीच्या ढाब्यावर किंवा आनेवाडी टोलनाक्यावर थांबा. तोवर शेजारच्याला ११२ लावायला सांगा, गाडीचा नंबरही त्यालाच टिपू दे.

अद्दल घडवायला म्हणून कचकन ब्रेक मात्र मारू नका. त्याच्या मागे भरलेला ट्रक असू शकतो.