एल निनोच्या वर्षी उष्णकटिबंधातील हिमनदीचा जमाखर्च कसा तपासावा

मान्सूनच्या बातम्यांमुळे ‘एल निनो’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोहोचला आहे. पण पॅसिफिकचे तेच पाणी तापले की दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातील हिमनद्यांचाही ताळेबंद, म्हणजे साचलेल्या आणि वितळलेल्या बर्फाचा हिशेब, बिघडतो. एखाद्या हिमनदीच्या नोंदी हाती घेऊन हा संबंध पडताळायचा असेल, तर सुरुवात वर्ष ठरवण्यापासून करावी. एल निनोचा जोर बहुधा डिसेंबरच्या सुमारास शिगेला पोहोचतो. त्यामुळे जानेवारी ते डिसेंबर असा हिशेब मांडला, तर एकच घटना दोन वर्षांत विभागली जाते. बोलिव्हियासाठी सप्टेंबर ते ऑगस्ट हे वर्ष धरावे.

त्यानंतर तापमानाकडे धाव घेण्याआधी बर्फ कधी पडला, हे पाहावे. माझ्या मते सर्वाधिक चुका इथेच होतात. बोलिव्हियातील झोंगो हिमनदीवर पावसाळा आणि प्रखर उन्हाळा एकाच वेळी येतात. एल निनोत अ‍ॅमेझॉनकडून येणारी आर्द्रता घटते आणि हिमवृष्टी लांबते. ताजा भुसभुशीत बर्फ ऐंशी टक्क्यांहून अधिक ऊन परतवतो, तर धुळीने काळवंडलेला जुना बर्फ त्यातील बराच भाग शोषून घेतो. डोक्यावर सूर्य तळपत असताना ही पांढरी चादर महिनाभर जरी उशिरा पसरली, तरी तेवढ्या काळात वितळलेले पाणी पुढच्या हिमवृष्टीने सहसा भरून निघत नाही.

इक्वेडोरमधील अँटिसाना हिमनदी विषुववृत्तालगत असल्याने तिथे बर्फ वर्षभर वितळतो, म्हणून प्रश्न बदलावा: जे पडले ते हिम होते की पाऊस? हवा थोडी तापली की हिमरेषा वर सरकते आणि हिमनदीच्या खालच्या भागावर पाऊस पडतो, जो पृष्ठभाग पांढरा करत नाही. हा परिणाम समुद्र तापल्यानंतर काही महिन्यांनी दिसतो, हे अंतर हिशेबात धरावे.

प्रत्यक्ष मोजणी साधी असते. बर्फात खोल छिद्र पाडून काठी रोवतात आणि तिचा किती भाग उघडा पडला, हे ठरावीक काळाने मोजतात. इंडोनेशियातील पापुआच्या शिखरावर 2010 ते 2015 या काळात बर्फाची जाडी वर्षाला सुमारे एक मीटरने घटत होती. 2015-16 च्या प्रबळ एल निनोत हा वेग जवळपास पाचपट झाला.

आफ्रिकेतील किलिमांजारोवरच्या हिमनद्यांसाठी मात्र एकट्या पॅसिफिकवर विसंबू नये. तिथल्या ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसावर हिंद महासागर द्विध्रुवाचा, म्हणजे या महासागराच्या पश्चिम आणि पूर्व भागांतील पाण्याच्या तापमानात पडणाऱ्या फरकाचा, मोठा प्रभाव असतो. 1997 मध्ये प्रबळ एल निनो असूनही भारतातील मान्सून सरासरीइतका झाला आणि पूर्व आफ्रिकेत अतिवृष्टी झाली. त्या वर्षी हा द्विध्रुव धन अवस्थेत होता, म्हणजे पश्चिमेकडचे पाणी तुलनेने अधिक उबदार होते.

शेवटी दीर्घकालीन तापमानवाढ वेगळी काढावी. त्यासाठी एल निनोच्या वर्षाची तुलना ला निनाच्या, म्हणजे पॅसिफिकचे तेच पाणी थंड पडते त्या, वर्षाशी न करता पूर्वीच्या तितक्याच तीव्र एल निनोशी करावी आणि ला निनाच्या वर्षांतील जमाही तशीच तपासावी. बोलिव्हियातील चाकाल्ताया हिमनदीवर एके काळी स्कीइंग चालत असे. मधल्या काळात ला निनाची वर्षे येऊनही 2009 मध्ये ती पूर्णपणे नाहीशी झाली.