देवाची प्राचीन नावे कशी अभ्यासावीत

इस्लाम आणि ख्रिस्ती धर्मातील देवाच्या प्राचीन नावांचा अभ्यास करताना प्रथम प्रत्येक नाव कोणत्या भाषेतले आहे, हे नोंदवावे. हिब्रू ‘एलोहिम’, सिरियाक (पूर्वेकडील ख्रिस्ती लोकांची अरामी भाषा) ‘अलाहा’ आणि अरबी ‘अल्लाह’ शेजारी-शेजारी लिहिले, की अ-ल-ह ही समान व्यंजने (या भाषांत ‘अ’साठीचे अक्षरही व्यंजनच मानतात) ठळक दिसतात. मग अरबी भाषक ख्रिस्तीही प्रार्थनेत ‘अल्लाह’ म्हणतात, याचे नवल वाटत नाही.

त्यानंतर शिलालेखांकडे वळावे, कारण ग्रंथांच्या नकला पुन्हा पुन्हा होत गेल्या, दगडावरचे अक्षर मात्र आपल्या काळाचेच राहते. येमेनमधील मारिब धरणाच्या दुरुस्तीनंतर ख्रिस्ती राजा अब्राहा याने इ.स. ५४८च्या सुमारास कोरवलेला लेख अवश्य पाहावा. त्याच्या आरंभीच ‘रहमानान’ (दयाळू देव) आणि त्याचा मसीहा यांचे स्मरण आहे, आणि कुराणातील ‘अर-रहमान’ हे नाव त्याच शब्दकुळातले आहे. हा एकच लेख अनेक वादांपेक्षा अधिक शिकवतो, असे मला मनापासून वाटते.

बायबलमधील देवाच्या नावाच्या ‘यहोवा’ या रूपाबाबत सावध राहावे. मूळ हिब्रूत केवळ चार व्यंजने असून, ‘यहोवा’तील स्वर ‘अदोनाय’ (माझा प्रभू) या हिब्रू शब्दावरून आले आहेत, म्हणून टिपणात आधी व्यंजने आणि नंतर प्रचलित उच्चार लिहावा.