रक्त थांबवणारं गॉझ निवडताना

प्रथमोपचार किटसाठी रक्त थांबवणारी पावडर किंवा दाणे घेऊ नका. जुन्या झिओलाइट (एक खनिज) दाण्यांमुळे जखमेत उष्णता होऊन कातडी भाजायची, शिवाय वाहत्या रक्तात दाणे टिकत नाहीत. लांब पट्टीचं, झेड घडीचं (इंग्रजी Z सारखं पुढे-मागे दुमडलेलं) गॉझच घ्या: साधारण ७.५ सेंमी रुंद, साडेतीन मीटरच्या आसपास लांब. घडी असली की ओल्या, निसटत्या बोटांनीही ते सरळ ओढता येतं. गुंडाळी हातातून सुटून मातीत जाते.

प्रकार मुख्यतः दोन. केओलिन ही एक पांढरी माती (ब्रँड क्विकक्लॉट), ती शरीराच्या स्वतःच्या रक्त गोठण्याला वेग देते. कायटोसॅन हा कोळंबी-खेकड्यांच्या कवचातला पदार्थ (ब्रँड सेलॉक्स), तो तांबड्या पेशींना चिकटून गोळा बनवतो, शरीराच्या गोठण्यावर अवलंबून राहत नाही, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी घेणारं कुणी घरात असेल तर आम्ही कायटोसॅनच सुचवू.

हे गॉझ जांघ, काख, खांदा अशा टूर्निके (हातापायाला आवळून रक्त अडवणारा पट्टा) न बसणाऱ्या जागांसाठी आहे. छाती-पोटात कोंबायचं नाही. रक्त नेमकं जिथून उसळतंय तिथे बोटाने टोक दाबा, मग जखम गच्च भरेपर्यंत पट्टी आत सारा. वर दोन्ही तळवे ठेवून पूर्ण वजनाने किमान ३ मिनिटं दाबा. बहुतेकांचं इथेच चुकतं: मध्येच उचलून बघतात आणि धरलेली गुठळी सुटते. नंतर वर प्रेशर बँडेज घट्ट बांधा. १०८ ला फोन आधीच गेलेला हवा.

किटमध्ये दोन पाकिटं ठेवा. मुदत आणि व्हॅक्यूम तपासत राहा. पाकीट फुगलं असेल तर बदला. सरावाला साधं गॉझ वापरा.